मानवाधिकार आयोगाचें अध्यक्षपद : एका कायद्याचे तीन पाठ

या त्रैमासिकाच्या वाचकांस जुने कागद वाचण्याची संवय आहे. एखादी सनद हातीं आली म्हणजे ते प्रथम तिची तिथि पाहतात, मग शिक्का, मग ती कोणीं कोणास दिली तें, आणि सर्वांत शेवटीं तींत काय दिलें आहे तें. ही संवय चांगली आहे. कारण पुष्कळ वेळां देणगीचा मजकूर मोठा असतो आणि तिच्या अटी मात्र समासांत बारीक अक्षरांत असतात. हीच पद्धति आम्हीं प्रस्तुत लेखांत एका अलीकडच्या सनदेस लावून पाहिली आहे. ती सनद म्हणजे भारताच्या राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाचा कायदा. तीस-बत्तीस वर्षांचा कागद संशोधनाचा विषय होऊं शकतो काय, अशी शंका कोणी घेईल. आमचें उत्तर असें कीं, पेशवे दफ्तरांतील कागदहि एके काळीं तीस वर्षांचेच होते. त्या वेळीं ते कोणी नीट जुळवून ठेविले असते तर आज आमच्यांतील वादांपैकीं निम्मे उरले नसते.

आमचा प्रश्न मर्यादित आहे. आयोगानें किती तक्रारी निकालांत काढल्या याचा हिशेब आम्हांस करावयाचा नाहीं. त्याच्या अध्यक्षपदीं कोण बसतो, त्यास कोण निवडतें, तो किती काळ बसतो आणि तो कोणाच्या हातांनीं काम करतो, एवढेंच आम्हांस पाहावयाचें आहे. या चार गोष्टी कायद्याच्या १९९३, २००६ व २०१९ या तीन पाठांत कशा बदलल्या, हें पाहिलें म्हणजे आयोगाचें सामर्थ्य कोठें आहे व दौर्बल्य कोठें आहे तें आपोआप ध्यानांत येतें.

(१) तिथीचा विचार

प्रथम तिथि. कायद्याचें नांव 'मानवाधिकार संरक्षण अधिनियम, १९९३' असें असून त्याचा क्रमांक मात्र १९९४ चा १० वा आहे. हा लेखकाचा प्रमाद नव्हे. राष्ट्रपतींनीं २८ सप्टेंबर १९९३ रोजीं अध्यादेश काढला. त्या अध्यादेशाखालीं १२ ऑक्टोबर १९९३ रोजीं आयोग स्थापन झाला. संसदेनें केलेल्या कायद्यास संमति मिळाली ती ८ जानेवारी १९९४ रोजीं, आणि तो कायदा २८ सप्टेंबर १९९३ पासूनच अमलांत आला असें मानावें, असें त्यांतच लिहिलें. म्हणजे आयोग आपल्या कायद्याहून सुमारें तीन महिन्यांनीं वडील आहे.

दुसऱ्या एका कागदाहूनहि तो वडील आहे. अशा राष्ट्रीय संस्था कशा असाव्या याविषयींचीं तत्त्वें ऑक्टोबर १९९१ मध्यें पॅरिस येथें भरलेल्या परिषदेंत ठरलीं. म्हणून त्यांस पॅरिस तत्त्वें म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनें त्यांस मान्यता दिली ती २० डिसेंबर १९९३ रोजीं. तत्त्वें थोडक्यांत अशीं : संस्थेचा अधिकार कायद्यानें ठरलेला असावा; तींत समाजाच्या निरनिराळ्या थरांचे लोक असावे; तिला स्वतःचा पैसा व स्वतःचे नोकर असावे; आणि सभासदांची नेमणूक ठरलेल्या मुदतीची असावी, म्हणजे त्यांचें स्थान डळमळीत राहणार नाहीं.

या सर्वांच्या मुळाशीं १० डिसेंबर १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा आहे. त्याच्याहि पाठाची एक गोष्ट आमच्या वाचकांस आवडेल. पहिल्या कलमाच्या आरंभीं 'सर्व पुरुष' असाहि अर्थ निघूं शकेल असा इंग्रजी शब्द होता. त्या जागीं 'सर्व मानव' असा अर्थ निःसंशय देणारा शब्द आला. हा बदल घडवून आणण्याचें श्रेय भारताच्या प्रतिनिधि हंसाबाई मेहता यांस दिलें जातें. त्या मुंबईच्या विधिमंडळाच्या सभासद राहिल्या होत्या. एका शब्दाचा पाठभेद, पण त्यानें अर्धी मानवजात संशयाच्या बाहेर आली. पाठभेदाकडे लक्ष देणें हा केवळ पंडितांचा छंद नव्हे, हें सांगण्यास एवढें उदाहरण पुरे आहे.

(२) नियुक्त व अनियुक्त

पाठ तपासण्यापूर्वीं एक जुना भेद सांगणें अवश्य आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायाच्या आरंभींच राजानें सभासद कसे नेमावे हें सांगितलें आहे : ते विद्यासंपन्न, धर्म जाणणारे, सत्य बोलणारे आणि शत्रु व मित्र यांविषयीं समबुद्धि असावे. या ठिकाणीं विज्ञानेश्वर आपल्या मिताक्षरेंत दोन प्रकार वेगळे करतो. राजाबरोबर सभेंत बसणारे कांहीं नियुक्त, म्हणजे नेमलेले सभासद; कांहीं अनियुक्त, म्हणजे न नेमलेले पण जाणते ब्राह्मण. अनियुक्त खोटें बोलले, किंवा बोलावयाचें असतां गप्प बसले, तर त्यांस दोष लागतो. परंतु त्यांनीं खरें सांगूनहि राजानें ऐकिलें नाहीं तर तो दोष त्यांचा नव्हे. नियुक्तांचें तसें नाहीं. त्यांनीं खरें सांगितल्यावरहि राजा उलट वागूं लागला तर त्यास आवरणें हें त्यांचें काम आहे. न आवरल्यास दोष त्यांच्याकडे येतो.

त्याच प्रकरणांत पुढें सभ्य कशानें बिघडतात हेंहि सांगितलें आहे. राग, लोभ आणि भय हीं तीन कारणें. राग म्हणजे येथें क्रोध नव्हे; एका पक्षाकडे असलेली मनाची ओढ. या तिहींपैकीं कोणत्याहि कारणानें जे सभ्य विपरीत निर्णय देतील त्यांस प्रत्येकीं, वादांतील दंडाच्या दुप्पट दंड सांगितला आहे.

आमच्या मतें मानवाधिकार आयोगाचें सर्व वैचित्र्य या एका भेदानें उलगडतें. नेमणुकीनें तो नियुक्त आहे. अधिकारानें अनियुक्त आहे. त्यास चौकशी करतां येते, दिवाणी न्यायालयाप्रमाणें साक्षीदारांस बोलावतां येतें, शपथ देतां येते, कागद मागवितां येतात. परंतु चौकशीच्या अखेरीस त्याच्या हातीं उरते ती शिफारस. नुकसानभरपाई द्यावी, अपराध्यावर खटला भरावा, असें तो सरकारास सांगूं शकतो. सरकारानें एका महिन्यांत आपलें म्हणणें कळवावयाचें. त्यापुढें आवरण्याचें बळ त्यास नाहीं. फार तर तो सर्वोच्च किंवा उच्च न्यायालयाकडे जाऊं शकतो, म्हणजे खऱ्या नियुक्तांचा दरवाजा ठोठावूं शकतो. सैन्याविषयींच्या तक्रारींत तर स्वतः चौकशी न करतां केंद्र सरकारकडून अहवाल मागवावा व त्यावर शिफारस करावी, एवढेंच त्याचें काम.

ज्याच्या हातीं केवळ वाणी दिली, त्याच्या वाणीस वजन येतें तें बोलणाराच्या निःस्पृहतेमुळें. न्यायाधीशाचा हुकूम न्यायाधीश दुबळा असला तरी अमलांत येतो. शिफारशीचें तसें होत नाहीं. म्हणून इतर संस्थांत जी गोष्ट केवळ सोयीची असते, म्हणजे अध्यक्ष कसा निवडला आणि कसा राखला, ती या संस्थेंत प्राणभूत आहे. येथें रामशास्त्र्यांचें नांव कोणासहि आठवेल. परंतु एका थोर पुरुषाच्या आठवणीवर संस्था चालत नाहीं. सामान्य मनुष्यहि त्या आसनावर ताठ बसेल अशी आसनाचीच रचना असावी लागते. कायद्याचें काम तें.

(३) पहिला पाठ : १९९३

पहिल्या पाठांत अध्यक्ष हा भारताचा माजी सरन्यायाधीशच असावा असें होतें. त्याबरोबर सभासद चार : एक सर्वोच्च न्यायालयाचा आजी वा माजी न्यायाधीश, एक उच्च न्यायालयाचा आजी वा माजी मुख्य न्यायाधीश, आणि दोन असे कीं ज्यांस मानवाधिकारांच्या बाबतींत ज्ञान अथवा प्रत्यक्ष अनुभव आहे. निवड करावयाची ती सहा जणांच्या समितीनें : पंतप्रधान, लोकसभेचे सभापति, गृहमंत्री, दोन्ही सभागृहांतील विरोधी पक्षनेते आणि राज्यसभेचे उपसभापति. तिच्या शिफारशीवरून राष्ट्रपति नेमणूक करतात.

आतां राग, लोभ आणि भय या तिहींची कसोटी या पाठास लावूं. भयाचा बंदोबस्त चांगला केला आहे. अध्यक्षास गैरवर्तनासाठीं दूर करावयाचें तर राष्ट्रपतींनीं प्रकरण सर्वोच्च न्यायालयाकडे धाडावें, आणि तेथें दोष शाबीत झाल्यावरच दूर करावें. लोभाचाहि बंदोबस्त केला आहे : पद सोडल्यावर अध्यक्ष किंवा सभासद यांस केंद्र वा राज्य सरकारची कोणतीहि नोकरी धरतां येत नाहीं. शिवाय अध्यक्षाची मुदत पांच वर्षें किंवा वयाचीं सत्तर वर्षें पूर्ण होईपर्यंत, यांपैकीं जें आधीं येईल तें. आणि त्याच्या फेरनेमणुकीचा त्या कलमांत उल्लेखच नाहीं. सभासदांस मात्र आणखी एका मुदतीची मुभा होती. अध्यक्षापुढें आशाहि नाहीं आणि धाकहि नाहीं, अशी ही रचना होती.

रागाचा, म्हणजे पक्षाच्या ओढीचा, बंदोबस्त समितीवर सोंपविला आहे, आणि येथेंच सांधा ढिला आहे. सहांपैकीं चौघे बहुधा सत्ताधारी बाजूचे असतात. एकमतानें निवड व्हावी असें कायदा म्हणत नाहीं. समितींतील एखादी जागा रिकामी असली म्हणून नेमणूक रद्द ठरत नाहीं, असेंहि त्यांत आहे. आणि २०१४ ते २०२४ या काळांत लोकसभेंत मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नव्हता, हें येथें ध्यानांत ठेवावें. २०२१ सालीं राज्यसभेंतील विरोधी पक्षनेत्यानें आणि डिसेंबर २०२४ मध्यें दोन्ही सभागृहांच्या विरोधी पक्षनेत्यांनीं आपलें भिन्न मत नोंदविलें. नेमणुका झाल्या त्या झाल्याच.

'ज्ञान अथवा प्रत्यक्ष अनुभव' या शब्दांवरहि वाद झाला. २००४ सालीं केंद्रीय अन्वेषण विभागाच्या एका निवृत्त प्रमुखास सभासद नेमलें तेव्हां, ज्या पोलिसांविरुद्ध सर्वांत अधिक तक्रारी येतात त्यांच्यांतीलच मनुष्य येथें कसा बसवावा, असा आक्षेप सर्वोच्च न्यायालयापुढें गेला. दोन न्यायाधीशांचें एकमत झालें नाहीं. पुढें तिघांच्या पीठानें २००५ मध्यें नेमणूक वैध ठरविली. शब्दाचा अर्थ न्यायालयानें लाविला तो बरोबरच असेल; पण शब्द इतका सैल कां ठेविला, हा प्रश्न पाठकर्त्यास विचारावयाचा आहे.

(४) अध्यक्षांची यादी

वाचकांच्या सोयीसाठीं अध्यक्षांची यादी येथें देतों.

रंगनाथ मिश्र : ऑक्टोबर १९९३ ते नोव्हेंबर १९९६.
मा. ना. वेंकटाचलय्या : नोव्हेंबर १९९६ ते ऑक्टोबर १९९९.
जगदीश शरण वर्मा : नोव्हेंबर १९९९ ते जानेवारी २००३.
आदर्श सेन आनंद : फेब्रुवारी २००३ ते ऑक्टोबर २००६.
एस. राजेंद्र बाबू : एप्रिल २००७ ते मे २००९.
के. जी. बालकृष्णन् : जून २०१० ते मे २०१५.
एच. एल. दत्तू : फेब्रुवारी २०१६ ते डिसेंबर २०२०.
अरुणकुमार मिश्र : जून २०२१ ते जून २०२४.
व्ही. रामसुब्रमण्यन् : डिसेंबर २०२४ पासून.

या यादीवरून दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी कीं, पहिल्या सातहि अध्यक्षांचीं पदें सुटलीं तीं वयाचीं सत्तर वर्षें पूर्ण झाल्यामुळें. कायद्यांत पांच वर्षें लिहिलीं असलीं तरी पुरीं पांच वर्षें त्यांपैकीं एकासहि मिळालीं नाहींत. बालकृष्णन् यांचीं थोडक्यानें हुकलीं. म्हणजे कागदावरची मुदत एक आणि चालती मुदत दुसरी. जुन्या वतनांच्या कागदांत हा प्रकार आपण नेहमींच पाहतों.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. यादींतील सालांच्या मधल्या फटी पाहाव्या. २००३ मध्यें एक महिना. २००६-०७ मध्यें पांच महिने. २००९-१० मध्यें एक वर्ष. २०१५-१६ मध्यें साडेनऊ महिने. २०२०-२१ मध्यें सहा महिने. २०२४ मध्यें जवळ जवळ सात महिने. बेरीज चाळीस महिन्यांच्या आसपास जाते. एकतीस वर्षांत तीन वर्षांहून अधिक काळ हें आसन रिकामें होतें, किंवा एखाद्या सभासदानें तात्पुरतें सांभाळिलें. मृत्यु किंवा राजीनामा यांमुळें जागा अकस्मात् रिकामी झाली असती तर तें समजण्यासारखें होतें. परंतु येथें प्रत्येक वेळीं जागा केव्हां रिकामी होणार तें अध्यक्षाच्या जन्मतिथीवरून किंवा नेमणुकीच्या तिथीवरून आधींच ठाऊक होतें. ज्याचें सत्तरावें वर्ष कोणत्या दिवशीं पुरें होतें हें पंचांगाशिवाय सांगतां येतें, त्याचा उत्तराधिकारी वेळेवर मिळत नाहीं, याचा दोष दैवाकडे जात नाहीं.

सभासदांविषयीं एकच गोष्ट सांगतों. पहिल्या आयोगांत सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री न्यायाधीश फातिमा बीवी होत्या, आणि पुढें मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री मुख्य न्यायाधीश सुजाता मनोहर याहि सभासद झाल्या. परंतु स्त्री-सभासद असावीच असें पहिल्या पाठांत कोठेंहि नव्हतें.

(५) वाणीचें सामर्थ्य

येथवर उणिवा सांगितल्या. आतां केवळ वाणीनें काय साधलें तेंहि सांगितलें पाहिजे. नाहीं तर लेख एकांगी होईल.

आयोग स्थापन होऊन दोन महिने होतात तोंच, १४ डिसेंबर १९९३ रोजीं, त्यानें सर्व राज्यांस कळविलें कीं कोठडींत मरण किंवा बलात्कार घडल्यास चोवीस तासांच्या आंत आयोगास खबर द्यावी. ही सूचनाच होती. पण तिच्यामुळें जीं मरणें पूर्वी ठाण्याच्या दप्तरांत पडून राहत त्यांची एके ठिकाणीं नोंद होऊं लागली. फेब्रुवारी १९९५ मध्यें रंगनाथ मिश्र यांनीं संसदेच्या सर्व सभासदांस पत्र लिहून, टाडा या नांवानें ओळखला जाणारा कायदा पुढें चालूं ठेवूं नये असें सांगितलें. मे १९९५ मध्यें त्या कायद्याची मुदत संपली व ती वाढविली गेली नाहीं. केवळ पत्रामुळें हें झालें असें आम्ही म्हणत नाहीं. पण ज्यानें सरन्यायाधीशाचें आसन भूषविलें आणि ज्यास पुढें कांहीं मिळवावयाचें नाहीं, अशाचें पत्र उघडून न वाचणें कठीण असतें. मार्च १९९७ मध्यें वेंकटाचलय्या यांनीं मुख्यमंत्र्यांस लिहिलें कीं चकमकींत पोलिसांच्या हातून मृत्यु झाल्यास त्याची नोंद करावी आणि स्वतंत्र तपास व्हावा.

पंजाबांतील प्रकरण तर कागद जमविणारांनीं मुद्दाम वाचावें. अमृतसरचे जसवंतसिंग खालरा यांनीं बेपत्ता लोकांचा शोध घेतला तो स्मशानांतील व नगरपालिकेच्या नोंदींवरून. बेवारशी म्हणून पोलिसांनीं किती प्रेतें आणिलीं, त्यांच्या दहनास किती लांकूड लागलें, हें तेथील वह्यांत लिहिलेलें होतें. लांकडाचा हिशेब ठेवणाऱ्या कारकुनास आपण इतिहास लिहीत आहों याची कल्पनाहि नसेल. सप्टेंबर १९९५ मध्यें खालरा यांचें अपहरण होऊन त्यांचा खून झाला. त्याबद्दल पुढें पोलीस अधिकाऱ्यांस शिक्षा झाल्या. केंद्रीय तपासांत अमृतसर जिल्ह्यांतील तीन स्मशानांत २,०९७ प्रेतांचें असें दहन झाल्याचें निघालें, आणि डिसेंबर १९९६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें प्रकरण आयोगाकडे सोंपविलें. तेव्हां प्रश्न उपस्थित झाला : घटनेस एक वर्ष उलटल्यावर आयोगास चौकशी करतां येत नाहीं, असें कायद्याचें ३६ वें कलम सांगतें, मग हीं प्रकरणें कशीं घ्यावीं? १९९८ मध्यें न्यायालयानें निवाडा दिला कीं आयोग येथें न्यायालयाच्या वतीनें काम करीत आहे, सबब तें बंधन लागू नाहीं. म्हणजे स्वतःच्या सनदेनें जें करतां येत नव्हतें तें उसन्या अधिकारानें करतां आलें. तथापि आयोगानें आपली दृष्टि त्या तीन स्मशानांपुरतीच ठेविली, यामुळें पीडितांच्या नातलगांचें समाधान झालें नाहीं. नोव्हेंबर २००४ मध्यें जे मृत्यूपूर्वीं पोलिसांच्या ताब्यांत होते असें कबूल झालें अशा १०९ जणांच्या कुटुंबांस प्रत्येकीं अडीच लाख रुपये देण्याची आज्ञा झाली.

२००२ मध्यें गुजरातेंत दंगे झाले तेव्हां वर्मा यांनीं मार्च महिन्यांत स्वतः तेथें जाऊन पाहिलें आणि आयोगाचें मत उघडपणें लिहिलें. बडोद्याच्या बेस्ट बेकरी प्रकरणांत चौदा माणसें मेलीं होतीं; २००३ च्या जूनमध्यें सर्व एकवीस आरोपी सुटले. तेव्हां अध्यक्ष आनंद होते. आयोग सर्वोच्च न्यायालयाकडे गेला. एप्रिल २००४ मध्यें न्यायालयानें खटला पुन्हां चालवावा, आणि तोहि गुजरातेंत न चालवितां महाराष्ट्रांत चालवावा, असा हुकूम केला. मुंबईच्या न्यायालयानें फेब्रुवारी २००६ मध्यें नऊ जणांस दोषी ठरविलें. त्यांपैकीं चौघांची शिक्षा २०१२ मध्यें उच्च न्यायालयांत कायम झाली. अनियुक्तानें नियुक्ताचा दरवाजा ठोठावला आणि तो उघडला, असें हें उदाहरण आहे. परंतु ठोठावणारा हात कोणाचा, यावर सर्व अवलंबून होतें. कारण कायदा दरवाजा दाखवितो, ठोठावण्याची सक्ति करीत नाहीं.

(६) दुसरा व तिसरा पाठ

२००६ चा पाठ एकंदरींत आयोगास अनुकूल आहे. पूर्वी तुरुंग पाहावयास जातांना राज्य सरकारास कळवावें लागे. ते शब्द काढून टाकिले. पूर्वी चौकशी संपल्यावर शिफारस करतां येई; आतां चौकशी चालूं असतांहि करतां येऊं लागली. दोन्ही बदल लहान दिसतात, पण वर्दी देऊन पाहिलेला तुरुंग आणि न कळवितां पाहिलेला तुरुंग हे दोन वेगळे तुरुंग असतात, हें सांगावयास नको.

२०१९ चा पाठ मिश्र स्वरूपाचा आहे. ज्ञान वा अनुभव असलेले सभासद दोनांचे तीन झाले आणि त्यांपैकीं निदान एक स्त्री असावी असें ठरलें. ही सुधारणा निर्विवाद आहे. परंतु अध्यक्षपदाच्या कलमांत तीन बदल झाले. पात्रता 'माजी सरन्यायाधीश' एवढीच होती, ती 'सरन्यायाधीश किंवा सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश राहिलेला' अशी विस्तारली. मुदत पांच वर्षांची तीन वर्षें झाली. आणि अध्यक्ष फेरनेमणुकीस पात्र ठरला.

पात्रता विस्तारण्यास कारण आहे. सरन्यायाधीश थोडे होतात, आणि राज्यांच्या आयोगांसहि योग्य माणसें मिळण्यांत अडचण येत होती, असें सरकारानें आपल्या निवेदनांत सांगितलें. हें कारण खरें मानलें तरी औषधाचा गुण दिसला पाहिजे. पात्रता विस्तारल्यानंतरच्या दोन्ही वेळीं, २०२०-२१ व २०२४ मध्यें, आसन सहा-सात महिने रिकामेंच राहिलें. म्हणजे रोग पात्रतेच्या अरुंदपणांत नव्हता.

खरा पाठभेद फेरनेमणुकीचा आहे, आणि तो मुदतीच्या भेदाशीं जोडून वाचावा. पूर्वीचे सात अध्यक्ष सत्तरीस पोंचून निघाले. फेरनेमणूक नव्हती आणि असती तरी वय उरलें नव्हतें. २०२१ चे अध्यक्ष तीन वर्षें संपवून निघाले तेव्हां त्यांचें सत्तरावें वर्ष पुरें व्हावयास एक वर्षाहून अधिक अवकाश होता. त्यांनीं फेरनेमणूक घेतली नाहीं, व त्यांच्या मनांत काय होतें याचा तर्क करणें आमचें काम नव्हे. आम्ही व्यक्तीविषयीं बोलत नाहीं. आसनाविषयीं बोलत आहों. पहिल्या पाठानें लोभाचा जो दरवाजा बंद केला होता तो तिसऱ्या पाठानें किलकिला केला. ज्या सरकाराच्या कृत्यांची चौकशी करावयाची, त्याच्याच बहुमताच्या समितीकडे पुन्हां नेमणुकीसाठीं पाहावें लागेल, अशा स्थितींत पुढचा एखादा अध्यक्ष बसेल. तो शुद्ध असेलहि. पण त्याचा शब्द ऐकणारा मनांत शंका धरील, आणि ज्याच्याजवळ शब्दाशिवाय दुसरें बळ नाहीं त्यास ती शंकाच पुरे.

(७) हात कोणाचे

शेवटीं कारभाराविषयीं. आयोगाचा महासचिव हा सचिवाच्या दर्जाचा अधिकारी असतो आणि तो केंद्र सरकार पुरवितें. चौकशी करणारा वर्गहि तसाच, आणि त्याचा मुख्य पोलीस महासंचालकाहून कमी दर्जाचा नसावा असें कायद्यांतच आहे. पैसा संसदेच्या मंजुरीनें केंद्र सरकार देतें. म्हणजे पोलिसांविरुद्धच्या तक्रारीची चौकशी बहुधा पोलीस खात्यांतून कांहीं काळापुरते आलेले आणि पुन्हां तेथेंच जाणारे अधिकारी करतात. त्यांच्या व्यक्तिगत प्रामाणिकपणाविषयीं आम्ही कांहींच म्हणत नाहीं. परंतु पाहुण्याच्या घरीं राहून यजमानाचा हिशेब तपासणें सोपें नसतें.

बाहेरच्या परीक्षकांचेंहि लक्ष याच ठिकाणीं गेलें. पॅरिस तत्त्वांच्या कसोटीवर राष्ट्रीय संस्थांस श्रेणी देणाऱ्या जागतिक मंडळानें आमच्या आयोगास १९९९ मध्यें पहिली श्रेणी दिली आणि २००६ व २०११ मध्यें ती कायम ठेविली. २०१६ मध्यें निर्णय लांबणीवर पडला. २०१७ मध्यें श्रेणी पुन्हां मिळाली. २०२३ मध्यें व पुन्हां २०२४ मध्यें निर्णय लांबणीवर टाकण्यांत आला. चौकशींत पोलिसांचा हात, निवडीची पद्धति, आणि सभासदांत समाजाच्या निरनिराळ्या वर्गांचें अपुरें प्रतिनिधित्व, हे त्यांचे आक्षेप होते. कोणी म्हणेल, परक्यांच्या श्रेणीचें काय मोल? आम्ही म्हणतों, परक्यांचें मत बाजूस ठेवा आणि विज्ञानेश्वरास विचारा; उत्तर निराळें येणार नाहीं.

(८) निष्कर्ष

येणेंप्रमाणें तीन पाठ जुळविल्यावर आमचें मत असें होतें. आयोगास आवरण्याचें बळ द्यावें किंवा न द्यावें हा मोठा वाद आहे. त्याचे दोन्ही पक्ष विचारार्ह आहेत, व येथें आम्ही त्यांत शिरत नाहीं. परंतु बळ द्यावयाचें नसेल तर निदान वाणी तरी निष्कलंक राहील एवढी व्यवस्था पाहिजे. तींत फार मोठें कांहीं नाहीं : अध्यक्षाची एकच, पुरेशी लांब मुदत असावी व फेरनेमणूक नसावी, जुन्या अध्यक्षाचें पद सुटण्यापूर्वीं नव्याची निवड व्हावी, समितीनें निवड कोणत्या कारणानें केली तें लिहून प्रसिद्ध करावें, आणि चौकशी करणारे हात आयोगाचे स्वतःचे असावे. यांपैकीं पहिली गोष्ट १९९३ च्या पाठांत बहुतांशीं होती. ती नवी मागावयाची नाहीं, परत मागावयाची आहे.

कागद जमविणाऱ्या आमच्या बंधूंस एक विनंति आहे. या आयोगाचे वार्षिक अहवाल, त्यांबरोबर संसदेपुढें ठेवलीं जाणारीं सरकारचीं उत्तरें, आणि निवडसमितींतील भिन्न मतांचे मसुदे जेथें मिळतील तेथून मिळवून जपून ठेवावे. आज ते कोणास रद्दी वाटतील. अमृतसरच्या स्मशानांतील लांकडाच्या वह्याहि कोणास तशाच वाटल्या असत्या.